राउटर टेबलासाठी राउटर निवडताना: आधी बिट, मग मशीन

घरात फर्निचरचं काम काढलं की सुताराच्या हातात एक छोटं, कर्कश आवाजाचं मशीन दिसतंच. सनमायका चिकटवून झाला की बाहेर आलेल्या कडा ते एका फेरीत प्लायशी सपाट करतं. तो ट्रिमर, राउटरचा, म्हणजे लाकडात खाचा आणि नक्षीदार कडा पाडणाऱ्या मशीनचा धाकटा भाऊ. आपल्यापैकी बहुतेकांची राउटरशी ओळख अशीच होते. पुढे स्वतः लाकूडकाम शिकायला लागलं, चार-दोन खोकी आणि फ्रेमा करून झाल्या की प्रश्न पडतो: टेबलाखाली लावायला कोणता राउटर घेऊ?

हा प्रश्न घेऊन येणारे जवळजवळ सगळे लगेच वॅट विचारतात. वॅटला महत्त्व आहे, पण माझ्या मते त्याचा नंबर चौथा. टेबलासाठीची निवड दुसऱ्या टोकापासून सुरू करावी. काय बनवायचंय हे आधी, त्यावरून बिट (राउटरमध्ये बसणारं, लाकूड कापणारं फिरतं पातं), बिटवरून त्याच्या दांडीची जाडी आणि वेग, आणि शेवटी हे सगळं पेलेल असं मशीन. या क्रमाने गेलं तर निम्मी मॉडेलं आपोआप गळतात आणि दुकानदाराशी बोलणं सोपं होतं.

टेबलाखाली गेल्यावर काय बदलतं

हातात असताना राउटर लाकडावर फिरतो. टेबलात राउटर जागेवर उलटा लटकतो, बिट पृष्ठभागातून वर डोकावतं आणि आपण लाकूड त्याच्यापुढून सरकवतो. दोन बोटं रुंदीच्या पट्टीला गोलाई द्यायची असेल, सहा फूट लांब पट्ट्यांवर एकसारखी नक्षी हवी असेल किंवा बारा ड्रॉवरांना तंतोतंत एकाच उंचीवर खाच पाडायची असेल, तर टेबलाला पर्याय नाही. मोठी बिटं तर हातातल्या राउटरला लावूच नयेत.

त्यामुळे हातकामासाठी ज्या गोष्टींची तारीफ होते त्यातल्या बऱ्याच इथे निरुपयोगी ठरतात. ‘वजनाला हलकं आहे’ हे सांगून कुणी मशीन गळ्यात मारत असेल तर लक्षात घ्या, टेबलाखाली सहा किलोचं मशीन छान बसतं. जडपणामुळे थरथर कमीच होते. हँडल कितीही मऊ असलं तरी ते फ्रेमच्या पायात अडकणार. आणि ज्या स्प्रिंगमुळे प्लंज राउटर (ज्याची मोटर दाबून खाली नेता येते तो) हातात आपोआप वर उचलला जातो, त्याच स्प्रिंगा उलट्या बाजूने मशीनला खाली ढकलतात. बिट वर आणायचं तर मशीनचं वजन आणि स्प्रिंगचा जोर, दोन्हींशी झगडावं लागतं.

शिवाय मोटर बिटच्या खाली येते. सगळा भुसा गुरुत्वाने तिच्याकडे जातो.

पायरी पहिली: कामांची यादी

कागद घ्या आणि पुढच्या वर्षभरात खरोखर करणार आहात अशी पाच-सहा कामं लिहा. ‘सगळंच करायचंय’ असं लिहू नका, त्याचा उपयोग होत नाही.

माझ्या ओळखीतल्या नवशिक्यांच्या याद्या साधारण दोन प्रकारच्या असतात. पहिल्या प्रकारात फोटो फ्रेम, दागिन्यांची खोकी, पाट आणि चौरंगाच्या कडांची गोलाई, लाकडी खेळणी, देव्हाऱ्याच्या छोट्या कमानी. या कामांना ६ मिमीचं सरळ बिट, मागच्या काचेसाठी कडेला पायरी पाडणारं रॅबेट बिट, एखादं गोलाईचं बिट आणि कमानीसाठी बेअरिंगवालं पॅटर्न बिट पुरतं. सगळ्यांचा व्यास २५ मिमीच्या आत-बाहेर.

दुसऱ्या प्रकारात स्वयंपाकघराच्या कपाटांचे सागवानी शटर, चौकटीत बसवलेले उभार पॅनल, जाड दरवाजांच्या पट्ट्या. शटरच्या उभ्या-आडव्या पट्ट्या एकमेकींत बसवणारा बिटांचा जोड साधारण ४० मिमी व्यासाचा असतो आणि उभार पॅनलचं आडवं बिट ८० ते ९० मिमीपर्यंत जातं.

पहिल्या यादीला छोटं मशीन चालतं, दुसरीला मुळीच नाही. आणि यादी पहिल्या प्रकारची असताना ‘पुढे लागेल’ म्हणून मोठ्यात मोठं मशीन घेण्याची घाई करू नका, असं मी मनापासून सांगेन. ते पैसे चांगल्या बिटांमध्ये घाला; बोथट, स्वस्त बिट महागड्या मशीनमध्येही सागवान जाळतं.

पायरी दुसरी: दांडीची जाडी

राउटर घेताना सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून जरा सावकाश.

बिटची दांडी ज्या चिरा पाडलेल्या नळीत धरली जाते तिला कोलेट म्हणतात. आपल्या बाजारात इंच आणि मिलिमीटर ही दोन्ही मापं एकाच कपाटात शेजारी ठेवलेली असतात. पाव इंच म्हणजे ६.३५ मिमी, तिच्या शेजारी ६ मिमी. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिमी, तिच्या शेजारी १२ मिमी. मध्ये ८ मिमी. सुतारकामात इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत, त्यामुळे पाव इंचाला ‘दोन सूत’ आणि अर्ध्या इंचाला ‘चार सूत’ म्हणतात. अडचण अशी की बोलताना ६ मिमीलाही दोन सूत आणि १२ मिमीलाही चार सूत म्हटलं जातं. लाकडाच्या जाडीत तो फरक चालून जातो. कोलेटमध्ये चालत नाही.

मी स्वतः यातून गेलोय. अर्ध्या इंचाच्या कोलेटसाठी दुकानातून ‘चार सुती’ सरळ बिट आणलं. नट घट्ट झाला, हाताने ओढून पाहिलं तर बिट हललं नाही. तिसऱ्या पट्टीपर्यंत ठीक होतं. चौथी पट्टी संपताना आवाज बदलला म्हणून मशीन बंद केलं, तर खाच एका टोकाला ५ मिमी आणि दुसऱ्या टोकाला जवळपास ८ मिमी खोल झालेली. बिट कापता कापता कोलेटमधून वर सरकत होतं. व्हर्नियर लावला तर दांडी १२ मिमीची निघाली. आणखी दोन पट्ट्या पुढे ढकलल्या असत्या तर ते बिट उडून कुठे गेलं असतं याचा विचार अजून नको वाटतो. तेव्हापासून घरात आलेलं प्रत्येक बिट मी आधी मोजतो आणि डब्यावर मिलिमीटरमध्ये आकडा लिहितो. शंभर-दोनशे रुपयांचा प्लॅस्टिकचा व्हर्नियरही या कामाला पुरतो.

आता निवड. दांडीचा ताठपणा तिच्या व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. म्हणजे जाडी दुप्पट झाली की ती सोळापट कमी वाकते. पाव इंचाऐवजी अर्धा इंच घेतल्यावर कट एकदम शांत आणि गुळगुळीत का होतो, याचं उत्तर यात आहे. त्यामुळे शक्य असेल तर टेबलासाठी १२.७ किंवा १२ मिमी घेणारं मशीन बघा. पातळ दांडीची बिटं त्यात स्लीव्ह घालून वापरता येतात. उलटं कधीच करता येत नाही.

१२ की १२.७? मशीन घेण्याआधी तुमच्या गावात किंवा तुम्ही ज्या ऑनलाइन दुकानातून घेता तिथे कोणती बिटं जास्त मिळतात ते बघा. शटरचे जोड, पॅनलची बिटं बहुधा १२.७ मध्ये येतात, त्यामुळे माझा कल तिकडे. पण काहीही ठरवलं तरी एकच घराणं पकडा. एका टेबलाच्या खणात १२ आणि १२.७ दोन्ही कोलेट असणं म्हणजे आज ना उद्या गफलत होणारच. आणि दुकानात खोकं उघडून कोलेटवर कोरलेला आकडा स्वतः वाचा, कारण एकच मॉडेल वेगवेगळ्या कोलेटसह विकलं जातं.

पायरी तिसरी: वेग कमी करता येतो का?

राउटर मिनिटाला वीस-बावीस हजार फेरे घेतो. ट्रिमर तीस हजारांच्या आसपास. पण लाकडाला फेऱ्यांशी देणंघेणं नाही, पात्याची धार किती वेगाने येऊन धडकते त्याच्याशी आहे. ती धार बिटच्या परिघावर असते, म्हणून बिट जितकं रुंद तितकी ती वेगवान.

साधा हिशोब करून बघा. २५ मिमी व्यासाचं बिट २२,००० फेऱ्यांवर फिरलं तर त्याच्या धारेचा वेग ताशी साधारण १०० किलोमीटर होतो. तेच ८० मिमीचं पॅनल बिट २२,००० वर फिरवलं तर ताशी ३३० किलोमीटरच्या पुढे. लाकूड काळं पडेल, मशीन थरथरेल, आणि पात्याचा डाक निखळला तर तो तुकडा गोळीसारखा सुटेल. वेग १२,००० वर आणला की तेच बिट ताशी १८० वर येतं, आणि ते पेलण्यासारखं असतं.

सर्वसाधारण मर्यादा अशा धराव्यात: २५ मिमीपर्यंतच्या बिटला २२,००० ते २४,०००, ५० मिमीपर्यंत १८,०००, ६५ मिमीपर्यंत १६,०००, त्यापुढे १२,००० किंवा त्याहून कमी. बिटच्या दांडीवर किंवा पाकिटावर कमाल वेग छापलेला असेल तर तोच अंतिम.

म्हणून यादी दुसऱ्या प्रकारची असेल तर एकाच वेगाचं मशीन घेऊ नका, ते कितीही दणकट असो. मकिताचे ३६१२ आणि एम३६०० हे १६५० वॅटचे राउटर सुतारांच्या हातात वर्षानुवर्षं दिसतात, मजबूत आहेत, पण २२,००० या एकाच वेगावर चालतात. सरळ खाचा, गोलाई, रॅबेट यांसाठी उत्तम. मोठ्या पॅनल बिटसाठी नाहीत. तुमच्याकडे असं मशीन आधीच असेल तर उभं पॅनल बिट मिळतं. त्याचा व्यास ४० मिमीच्या आत असतो, फक्त पॅनल उभं धरून सरकवावं लागतं आणि त्यासाठी उंच फेन्स (लाकूड टेकवून सरकवायची टेबलावरची उभी पट्टी) करून घ्यावी लागते. पंख्याचा रेग्युलेटर जोडून वेग कमी करण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. तो एवढ्या भारासाठी बनलेलाच नसतो.

वेग बदलणाऱ्या मशीनमध्ये आणखी दोन गोष्टी बहुधा जोडीने येतात. एक सॉफ्ट स्टार्ट: मशीन हिसका न देता हळूहळू वेग पकडतं. दुसरी, भार आला की इलेक्ट्रॉनिक्स वेग टिकवून धरतं. ही दुसरी सोय टेबलावर फार उपयोगाची, कारण सागवानाच्या गाठीपाशी मशीन दबलं की तिथेच जळका डाग पडतो.

पायरी चौथी: ताकद आणि भिंतीतला सॉकेट

आता वॅट. छोट्या यादीसाठी ७०० वॅटच्या आसपासचं मशीन पुरतं, अट एवढीच की कट एका वेळी २-३ मिमी घ्यायचा. मधल्या कामाला १२०० ते १६५०. पॅनल आणि शटरच्या जोडांसाठी २००० च्या आसपास.

पण वॅट ठरवण्याआधी कामाच्या जागी सॉकेट कोणता आहे ते बघा. २१०० वॅटचं मशीन २३० व्होल्टला ९ अँपिअरपेक्षा थोडं जास्त ओढतं, १६५० वॅटचं सातच्या वर. घरातल्या साध्या ६ अँपिअरच्या छोट्या सॉकेटवर हे चालवायचं नाही. गीझरला असतो तसा १६ अँपिअरचा हवा. एक्स्टेन्शन लागणार असेल तर तांब्याची २.५ चौरस मिमीची वायर घ्या आणि गुंडाळी पूर्ण उलगडून वापरा. ७१० वॅटचा ट्रिमर मात्र सव्वातीन अँपिअरच्या आत राहतो, बाल्कनीतही चालतो.

अमेरिकेतून येणारे नातेवाईक मशीन आणून देतो म्हणतात, तेव्हा जरा थांबा. तिकडची मशीनं १२० व्होल्टची असतात. आपल्या २३० व्होल्टवर लावलं की मोटर काही क्षणांत जळते. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावता येतो, पण पूर्ण ताकदीच्या मशीनला तो ३ केव्हीएच्या घरातला लागतो. तो जड असतो, महागही पडतो. ऑस्ट्रेलिया किंवा दुबईहून आलेलं मशीन व्होल्टेजच्या दृष्टीने चालतं, फक्त प्लग बदलावा लागतो. दुरुस्तीचा प्रश्न उरतोच. आणि अमेरिकन मशीनवरच्या हॉर्सपॉवरच्या आकड्याला भुलू नका. १२० व्होल्ट आणि १५ अँपिअर म्हणजे १८०० वॅट झाले. सव्वातीन हॉर्सपॉवर म्हणजे २४०० वॅटच्या वर. जेवढं आत जातं त्याहून जास्त बाहेर येऊ शकत नाही, म्हणजे तो आकडा क्षणभराच्या कमाल जोराचा. तुलना करायची तर दोन्हीकडचे वॅट घ्या.

स्विचबद्दल एक गोष्ट मी सक्तीची मानतो. टेबलाखाली मशीनचा स्वतःचा स्विच चालू ठेवून बाहेरून वीज दिली जाते. मध्येच वीज गेली, तुम्ही बिटपाशी वाकून भुसा झटकताय, आणि वीज परत आली, तर मशीन आपोआप सुरू होतं. आपल्याकडे ग्रामीण भागात, विशेषतः पावसाळ्यात, हे रोजचं आहे. म्हणून टेबलाच्या पुढच्या पायावर नो-व्होल्ट रिलीज प्रकारचा स्विच बसवा. वीज गेली की तो स्वतः बंद होतो आणि हिरवं बटण पुन्हा दाबल्याशिवाय सुरू होत नाही. लाल बटण मोठं, मांडीच्या किंवा गुडघ्याच्या धक्क्याने दाबता येईल असं असावं. मशीनचा स्विच दाबून लॉक होतो का तेही दुकानातच पाहा. सतत दाबून धरावा लागणारा स्विच टेबलाच्या कामाचा नाही.

पायरी पाचवी: उंची बदलायची कशी

टेबलावर तुम्ही दिवसातून वीस वेळा बिटची उंची बदलणार. अर्धा मिलिमीटर वर, पाव खाली. ही गोष्ट सोपी नसेल तर टेबल वापरण्याचा उत्साहच मावळतो.

सरळ बेसचा राउटर असेल तर मोटर बेसमध्ये पिळून किंवा दात्यावर सरकवून उंची बदलते, टेबलासाठी ते सुटसुटीत. आपल्याकडे मोठ्या मशीनमध्ये मात्र बहुतेक प्लंज मिळतात. प्लंज घेत असाल तर तीन गोष्टी तपासा: उंची बारीक फिरवायला स्क्रू किंवा नॉब आहे का, लॉक केल्यावर मोटर तसूभरही हलत नाही ना, आणि स्प्रिंगा काढता येतात का. स्प्रिंगा टेबलासाठी काढायच्या असतील तर मॅन्युअल वाचून, मोटर बेसवरून सावकाश उतरवून काढा; दाबलेली स्प्रिंग डोळ्याकडे उडते.

वरून हँडल फिरवून उंची बदलणाऱ्या लिफ्टही मिळतात. चांगली लिफ्ट कित्येकदा राउटरइतकीच महाग असते, त्यामुळे पहिल्या वर्षी ती घेऊ नका. पण पुढे घ्यायची इच्छा असेल तर मशीन घेतानाच मोटरचा बाहेरचा व्यास विचारात घ्या. लिफ्ट ठरावीक व्यासाच्या गोल मोटरसाठी बनते. बऱ्याच ट्रिमरच्या मोटरी ६५ मिमी व्यासाच्या असतात आणि त्या मापाच्या छोट्या लिफ्ट सहज मिळतात. म्हणूनच छोट्या यादीवाल्यांना मी अनेकदा वेग बदलणारा ६५ मिमीचा ट्रिमर आणि पुढे कधीतरी छोटी लिफ्ट असं सुचवतो.

बिट बदलताना काय होतं तेही दुकानातच करून बघा. मशीन उलटं करा, मोटर पूर्ण पुढे ढकला आणि कोलेटचा नट बेसच्या पातळीपर्यंत येतो का पाहा. टेबलाची प्लेट आणखी ६ ते १० मिमी जाडी खाणार हे धरून चाला. नट खोल राहत असेल तर प्रत्येक बिट बदलताना खाली वाकून, अंधारात, दोन पाने घेऊन काम करावं लागेल. काही मशीनना त्यासाठी वाकडे पाने मिळतात. कोलेटला लांबी वाढवणारा तुकडा लावायचा मोह होतो, पण नवशिक्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. बिट मोटरच्या बेअरिंगपासून जितकं दूर तितकी थरथर जास्त.

पायरी सहावी: दुकानात

मुंबईत नागदेवी स्ट्रीटला गेलात तर एकाच गल्लीत सगळ्या कंपन्यांची मशीनं हाताळायला मिळतात. प्रत्यक्ष हाताळणं शक्य असेल तर ऑनलाइन दोन-पाचशे वाचवण्यापेक्षा तेच करा.

वीज न लावता स्पिंडल (कोलेट ज्यावर बसतं तो मोटरचा दांडा) हाताने फिरवा. कुठे अडकल्यासारखं, खरखरल्यासारखं वाटायला नको. कोलेटमध्ये सरळ दांडीचं बिट धरून ते आडवं हलवून पाहा. जराही खुळखुळलं तर दुसरा नग मागा. मग वीज लावून सगळ्यात कमी वेगावर सुरू करा आणि हळूहळू वाढवा. आवाज चढत जाईल, पण मध्येच गुरगुर किंवा थरथर वाढली तर बेअरिंग किंवा कोलेटमध्ये गडबड आहे.

नंतर हे विचारा: कार्बन ब्रश (मोटरला वीज पोचवणारे, झिजणारे तुकडे) बाहेरच्या टोप्या काढून बदलता येतात का, ते या दुकानात मिळतात का, आणि कोलेट सुटं मिळतं का. कोलेट झिजणारा भाग आहे. काही वर्षांनी बदलावंच लागतं. सर्व्हिस सेंटर तुमच्या जिल्ह्यात आहे की कुरियर करावं लागेल, हेही. मला विचाराल तर समान ताकदीच्या दोन मशीनमध्ये सुटे भाग जवळ मिळणारं मशीन डोळे मिटून घ्यावं.

मॉडेलांचं बोलायचं तर छोट्या यादीसाठी मकिता आरटी०७००सी माझ्या डोळ्यांसमोर येतं: ७१० वॅट, १०,००० ते ३०,००० फेरे, वेग बदलता येतो. मकिता ३७०९ सारखा ५३० वॅटचा साधा ट्रिमर ३०,००० वरच फिरतो. सनमायकाला चोख, टेबलावर मात्र लवकर तोकडा पडतो. मधल्या गटात बॉशचा जीओएफ १३०, १३०० वॅट आणि ११,००० ते २८,००० फेऱ्यांचा, पण तो ८ मिमी आणि त्याखालच्या दांड्यांचा आहे हे समजून घ्या. मोठ्या यादीला मकिता आरपी२३०१एफसी: २१०० वॅट, ९,००० ते २२,००० फेरे, अर्ध्या इंचापर्यंतची दांडी. त्याच्या खालोखाल १६०० वॅटचा बॉश जीओएफ १६०० सीई, १०,००० ते २५,००० फेरे. यापैकी काहीही घ्या, वरच्या तपासण्या त्यांनाही लागू.

सेकंडहँड मशीन? कोलेट आणि बेअरिंग नवे टाकण्याचा खर्च धरून स्वस्त पडत असेल तर जरूर. ब्रशच्या खिडकीतून मोठ्या निळ्या ठिणग्या उडत असतील तर सोडून द्या.

पायरी सातवी: टेबलात बसवताना

१८ मिमी प्लायला भोक पाडून खालून राउटर लावण्याची पद्धत सर्रास आहे. त्यात बिटच्या लांबीतले १८ मिमी वाया जातात. ट्रिमरच्या आखूड बिटाचं मग काहीच वर उरत नाही. प्लायमध्ये चौकोनी खाच करून ६ मिमीची अॅल्युमिनियम प्लेट बसवा. राउटरचा प्लॅस्टिक बेस काढा, त्याचाच छाप घेऊन प्लेटला भोकं पाडा आणि डोकं प्लेटच्या आत बुडेल असे मशीन स्क्रू वापरा. जड मशीनच्या वजनाने अॅक्रिलिकची प्लेट काही महिन्यांत मध्ये झोळते. एक सरळ पट्टी आडवी ठेवून महिन्यातून एकदा तपासा.

खालचा भाग पेटीसारखा बंद करणार असाल तर हवा आत यायला जागा ठेवा. पूर्ण बंद पेटीत मोटर तापते. काम संपलं की मशीन मोकळं फिरवून ब्लोअरने मोटरच्या जाळ्या साफ करा. एमडीएफची धूळ फार बारीक असते आणि ब्रशपर्यंत जाते. तुमच्या फुप्फुसातही जाते. लाकडाची धूळ कर्करोगकारक घटकांच्या पहिल्या गटात मोडते, त्यामुळे एन९५ मास्क, चष्मा आणि कानाला इअरमफ या तिन्ही गोष्टी पहिल्या दिवसापासून.

पहिल्या कटाआधी दिशा पक्की करा. टेबलावर वरून पाहिलं तर बिट घड्याळाच्या उलट फिरतं, म्हणून फेन्स समोर ठेवून जॉब (कापायचं लाकूड) नेहमी तुमच्या उजवीकडून डावीकडे सरकवायचा. उलट सरकवला तर बिट जॉब तुमच्या हातातून हिसकावून घेतं आणि बोटं त्याच्यामागे ओढली जातात. जॉब कधीही फेन्स आणि बिट यांच्या मध्ये घालायचा नाही. बिट फेन्सच्या पोटात लपलेलं हवं. वीतभराहून छोटा तुकडा हाताने धरायचा नाही, ढकलायला लाकडी ठोकळा वापरा, किंवा मोठ्या पट्टीवर कट घेऊन मग तुकडा कापून घ्या.

बिट बसवताना दांडी कोलेटच्या तळाला टेकवा आणि मग २-३ मिमी मागे घ्या. तळाला टेकलेली दांडी नट आवळताना नीट पकडली जात नाही. किमान २० मिमी दांडी आत हवी.

आता मार्करने दांडीवर, अगदी कोलेटच्या काठाशी, एक बारीक रेघ ओढा. टाकाऊ सागाची किंवा पाइनची फूटभर पट्टी घ्या, ६ मिमीचं सरळ बिट, खोली ३ मिमी, आणि मशीन बंद-चालू न करता एकामागून एक सहा खाचा पाडा. मशीन थांबवा, प्लग काढा. पहिल्या आणि सहाव्या खाचेची खोली दोन्ही टोकांना व्हर्नियरने मोजा, आणि ती रेघ पाहा. रेघ जागेवर आहे पण खोली बदलली, तर उंचीचं लॉक सरकतंय किंवा प्लेट झोळतेय. रेघ वर आली असेल तर दांडीचं माप पुन्हा घ्या, कोलेटमधला भुसा पुसा आणि चाचणी पुन्हा करा. तरीही सरकली तर मशीन बिलासकट दुकानात परत न्या. सहाही खाचा सारख्या आल्या की चौरंगाची पट्टी काढायला हरकत नाही.